भय्यासाहेबांची छत्री

१

गुरुवार आला की अंबिका दुपारी दोनच्या आत ओटा आवरून चहाचं आधण टाकायची. टॉवरच्या घड्याळात दोन वाजायचे आणि जिन्यात घुंगरं वाजायला लागायची. नवीन माणूस दचकायचं, की बाई ग, भरदुपारी फ्रीगंजात हा नाच कुठला? नाच नव्हे. ती भय्यासाहेबांची छत्री असायची.

अंबिकेचं बिऱ्हाड एका किराणा दुकानाच्या वर. दोन खोल्या आणि पुढं गॅलरी. नवरा शरच्चंद्र कचेरीत कारकून, सासूबाई अक्का, आणि आठ वर्षांची एकुलती एक जयू. अक्कांच्या यजमानांनी जन्मभर भय्यासाहेबांच्या जहागिरीची दप्तरं सांभाळली. पुढं स्वराज्य आलं, जहागिरी गेल्या, यजमानही गेले. भय्यासाहेबांचा गुरुवार मात्र काही गेला नाही.

माणूस मनानं गाईसारखा. पण हौस अशी, की बघणाऱ्यानंच मान खाली घालावी. दात कोरायची काडी सोन्याची, आणि तिच्या टोकाला नाचरा मोर. चष्म्याच्या दांड्यांना मोती जडवलेले, ते टोचून टोचून कानामागं घट्टे पडलेले. हातरुमालाला इतकी जर, की नाक पुसावं तर नाक सोलून निघावं. अक्का म्हणायच्या, "भय्यासाहेबांना शिंक आली की माझ्याच पोटात गोळा येतो."

छत्रीपुढं मात्र हे सगळं फिकं. जांभळं रेशीम, त्याला वीतभर जरीची झालर. आठ काड्यांच्या आठ टोकांना चांदीची घुंगरं आणि तांबडे गोंडे. मुठीवर सोन्याच्या पत्र्याचा पोपट, डोळ्यांत माणकं, चोचीत मोत्यांचं डाळिंब. मूठ धरली की डाळिंब तळहातात रुतायचं. एवढी छत्री, पण पावसात कधी उघडली नाही. जर काळी पडेल ना! पाऊस आला की भय्यासाहेब ती अंगरख्याच्या आत छातीशी धरायचे आणि आपण चिंब भिजत जायचे. खालचे दुकानदार हसायचे, "वाह रे, छाता सूखा, मालिक गीला!"

छप्पन सालच्या कोजागिरीनंतरचा गुरुवार. जयू शाळेत गेलेली, अक्का आत कलंडलेल्या. भय्यासाहेबांनी छत्री दारामागच्या खुंटीला लावली आणि ते पाटावर टेकले. त्या दिवशी चेहरा उतरलेला होता.

"सूनबाई, आता आपलं राज्यही भोपाळला निघालं म्हणतात."

"राज्याचं मला काय कळतंय! आमच्या ह्यांची कचेरी निघाली खरी. महिन्याभरात जावं लागेल."

"म्हणूनच आज तोंड उघडतो. माझ्या छत्रीचं तुम्ही बघाल का? पुतण्यांवर माझा भरवसा नाही."

आधण उतू येत होतं. फडक्यानं पातेलं उतरवता उतरवता अंबिकेनं खुंटीकडं पाहिलं. पोपट लाल डोळ्यांनी तिच्याकडंच बघत होता.

"बघेन की. त्यात काय मोठंसं?"

"आणि दिवाबत्तीचं?"

तिन्हीसांजेला अजून वेळ होता. म्हातारं माणूस कुठलं कुठं बोलतं, असं वाटून ती म्हणाली, "ते मीच करते हो. रोज, न चुकता. अक्कांना आता सुधरत नाही ना."

भय्यासाहेबांनी तिला हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसानं कारकुनाच्या सुनेला हात जोडावेत! अंबिका कानकोंडी झाली.

"शब्द दिलात?"

"दिला, दिला. चहा घ्या आधी."

बशीतला चहा त्यांनी सावकाश संपवला आणि उठले. "येतो मग."

"या," अंबिका म्हणाली.

त्या दिवशी जिना वाजला नाही. ती गॅलरीत धावली तर ते उन्हातून निघालेले, हात मोकळे. "अहो भय्यासाहेब, छत्री राहिली!" त्यांनी मागं न बघताच हात हलवला. राहू द्या, असा.

२

चौथ्या दिवशी बातमी आली. भय्यासाहेब पहाटे घाटावर स्नानाला गेले, शेवाळावरून पाय घसरला, क्षिप्रेनं ओढून नेलं. पुतण्यांनी अग्नी दिला, तेरा दिवसांचं तीन दिवसांत उरकलं आणि आपापल्या वाटेनं गेले. अक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. अंबिकेच्या मनात आलं, आता ह्या छत्रीचं करायचं काय?

पुढचा गुरुवार म्हणजे एक नोव्हेंबर. त्या दिवशी मध्य भारत राज्य संपलं, भोपाळचं नवं सुरू झालं. कचेरीवरच्या पाट्या उतरल्या, शरच्चंद्र पेढे घेऊन उशिरा येणार होता. दिवाळी दुसऱ्या दिवसावर, अंबिका चकल्यांत बुडालेली. टॉवरचे दोन टोले पडले तसा तिचा हात सवयीनं चहाच्या डब्याकडं गेला. मग आठवलं, आता कोण येणार? हात मागं घेताना तिचा पाय दारामागं ओल्यात पडला.

छत्रीखाली पाणी साचलेलं होतं. ताटाएवढं.

आता पावसाळा सरून महिना झालेला. दिवाळीचं कोरडं ऊन, भिंती खडखडीत. अंबिकेनं छताकडं पाहिलं. छत कोरडं. खुंटीला हात लावला, खुंटी कोरडी. मग छत्रीच्या रेशमाला बोट लावलं आणि मागं घेतलं. रेशीम गच्च भिजलेलं होतं. झालरीच्या एकेका गोंड्यातून थेंब सुटत होता, सावकाश, मोजून मापून.

तिनं गॅलरीतून खाली हाक मारली. घरमालकीण रामकन्याबाई मिरच्या निवडत बसल्या होत्या.

"भाभीजी, तुमच्याकडून काही पाणी मुरतंय का आमच्या भिंतीत?"

"लो सुनो! नल तो पिछवाड़े है, बहूजी. और इधर पानी कहाँ से आवेगा? जयू ने लोटा ढोल दिया होगा."

असेल, अंबिका स्वतःला म्हणाली. पोरगं आहे, सांडलं असेल. तिनं फडकं घेऊन पुसलं आणि फडकं पिळलं. बोटांना वास आला तो तांब्यातल्या पाण्याचा नव्हता. घाटाच्या शेवटच्या पायरीवर, जिथं शेवाळ धरतं, तिथला होता.

३

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंबिकेनं पणत्या मोजून लावल्या. तुळशीपाशी दोन, गॅलरीत पाच, उंबऱ्यावर दोन. वळून बघते तो दारामागं दहावी. छत्रीसमोर, जमीन पुसून, छोटी रांगोळी घालून ठेवलेली.

"जयू, ही तू लावलीस?"

"हो."

"आगबिग लागेल ना तिथं! कोणी सांगितलं तुला?"

जयूनं तिच्याकडं असं पाहिलं, की जणू आईच चुकते आहे. "तूच नाही का म्हणालीस? ते मीच करते हो. रोज, न चुकता."

अंबिकेच्या हातातली काडी विझेपर्यंत तशीच जळाली. तो शब्द, तो 'हो'चा हेल, सगळं तिचं होतं. पण तो गुरुवार शाळेचा होता, जयू घरात नव्हतीच. अक्कांनी ऐकून सांगितलं म्हणावं, तर अक्कांना शेजारी ताट पडलं तरी ऐकू येत नाही. तरी अंबिका मनाची समजूत घालत राहिली. आपणच कधी बोललो असू. पोरांचे कान तिखट असतात.

दुसऱ्या दिवशी फराळाची एक बशी छत्रीपुढं दिसली. तिसऱ्या दिवशी विडा. पान नीट पुसून, चुना लावून, लवंग टोचलेला. आठ वर्षांच्या पोरीला विडा करायला कोणी शिकवला?

"मार खाशील हं जयू! खेळ पुरे झाला."

"खेळ नाही ग आई. तेवढं करावंच लागतं." ती कंटाळलेल्या मोठ्या बाईसारखी म्हणाली आणि हात पुढं केला. "बघ ना, माझे हात कसे झालेत."

बोटांची टोकं पांढरीफटक आणि सुरकुतलेली होती. तासन्‌तास नदीत डुंबल्यावर होतात तशी. अंबिकेनं ती पदरानं पुसली, चुलीपाशी धरली, खोबरेल चोळलं. सकाळी पुन्हा तशीच.

४

शरच्चंद्राला तिनं सगळं सांगितलं. तो दप्तरं बांधून बांधून दमलेला.

"अग, भिंतीला ओल आली असेल. पोरीला दिवाळीचा चाळा लागलाय, भोपाळला गेली की विसरेल."

"मग ती छत्री आधी पुतण्यांना नेऊन द्या."

तो सायकलला बांधून घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. सायकलच्या मागं घुंगरं वाजत होती. "दारातूनच हसले लेकाचे. म्हणाले, काकांचं हे सोंग तुम्हालाच लखलाभ. बँडवाल्याला द्या."

भाऊबीज हुकली होती, ती करायला अंबिका जयूला घेऊन देवासला भावाकडं निघाली. मोटारस्टँडपर्यंत टांगा केला. जयू नवं परकर-पोलकं घालून गप्प बसलेली. टांगा टॉवरपाशी आला तशी ती हळूच म्हणाली, "आई, दिव्याची वेळ होईल ना."

"तोवर येऊ परत."

टॉवर मागं पडला. जयूनं आईचा हात घट्ट धरला. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. तिच्या तोंडातून पाणी आलं. उलटी नव्हे, नुसतं गार पाणी. भांडं कलंडावं तसं ते नव्या परकरावर सांडलं आणि येतच राहिलं. ओठ निळे पडले, डोळे पांढरे झाले. पाण्यात हिरवं काही तरंगत होतं.

"भय्या, टांगा फिरवा! जल्दी फिरवा!" अंबिका किंचाळली.

घोड्यानं तोंड वळवलं, टॉवर पुन्हा डावीकडं आला, आणि जयूनं मोठा श्वास घेतला. टांगेवाला घाबरून म्हणाला, "बाईजी, बच्ची को पानी पिलाया था क्या इत्ता?"

डॉक्टर येऊन गेले. छाती साफ आहे म्हणाले. ते सांगत होते तेव्हा जयू दारामागं बसून वात वळत होती.

भोपाळची तारीख ठरली होती, तीन आठवड्यांनी. आणि पोर टॉवरच्या पलीकडं जाऊ शकत नव्हती.

५

त्या दुपारी अंबिका अक्कांच्या उशाशी बसली आणि कानाला तोंड लावून पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाणी, दिवा, विडा, टांगा. मग भय्यासाहेबांचं बोलणं, शब्दाला शब्द. अक्का ऐकत होत्या. 'माझ्या छत्रीचं बघाल का' हे आलं, तशा त्या उठून बसल्या.

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बघेन की. समोर खुंटीलाच तर होती."

"अग कर्मा!" अक्कांनी कपाळाला हात लावला. "ही छत्री नव्हे ग! घाटावरची छत्री! दगडाची!"

अंबिकेच्या डोळ्यांपुढं नदीकाठचे ते घुमट आले. लहानमोठे, खांबांवर उभे. सरदार-दरकदार गेले की त्यांच्या दहनाच्या जागी बांधायचे. आत मूर्ती, तिला जिवंत माणसासारखं सांभाळायचं. सकाळ-संध्याकाळ दिवा, दुपारी नैवेद्य, जेवणावर विडा.

"जन्मभर तेवढं एकच होतं त्यांच्या मनात," अक्का म्हणाल्या. "थोरल्यांच्या छत्र्या झाल्या, माझी कोण करणार? तुझ्या सासऱ्यांना हजारदा म्हणाले असतील. ते हं-हं करायचे, पण शब्द द्यायचे नाहीत. तू देऊन बसलीस. वर दिवाबत्तीही कबूल केलीस."

"मला काय माहीत, अक्का!"

"तुला नव्हतं माहीत. त्यांना होतं." अक्का दाराकडं बघत होत्या. "शब्द तुझा. उचलला पोरीनं."

बाहेरच्या खोलीत घुंगरं वाजली. एकाच वेळी, आठही. खट्‌दिशी ताणलेल्या रेशमाचा आवाज झाला. दोघींपैकी कोणी उठलं नाही. भिंतीपलीकडं कोणीतरी सावकाश मांडी घालून बसल्यासारखं वाटलं, आणि ओलं धोतर फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

अक्का कुजबुजल्या, "उद्या ती छत्री ने घाटावर. तिथं उभी कर, दिवा लाव, विडा ठेव. म्हणावं, झाली छत्री, फिटला शब्द. आणि अंबिके, निघताना एक लक्षात ठेव. 'जाते' म्हण. 'येते' म्हणू नकोस."

"असं कसं, अक्का? 'जाते' कुणी म्हणतं का?"

"नाही म्हणत. म्हणूनच सांगते. जन्मात एकदा म्हण."

६

वाटभर ती तोच शब्द घोकत होती. जाते. जाते. लहानपणी एकदा तोंडून निघाला तेव्हा आईनं फटकन तोंडावर मारलं होतं. 'जाते म्हणू नये, येते म्हणावं. जाणारी माणसं वेगळी.' तीस वर्षांत पुन्हा कधी उच्चारला नव्हता.

दुपारचा घाट जवळजवळ मोकळा. एक म्हातारा कपडे वाळवत पडलेला, पलीकडं म्हशी पाण्यात. दगडी छत्र्या ओळीनं उभ्या होत्या. ती त्यांच्या पुढं गेली, जिथं घुमट संपतात आणि नुसती वाळू लागते. दांडा दोन्ही हातांनी वाळूत रोवला. मग कळ दाबली.

छत्री उघडली. जांभळी, झालरीची, गोंड्या-घुंगरांची. त्या काळ्या दगडांपुढं ती तमाशातल्या राणीसारखी दिसत होती. अंबिकेला हसू यायला हवं होतं. आलं रडू. एवढ्या हौसेचा माणूस, आणि शेवटी सावली केवढी, तर दोन हात.

तिनं गुडघे टेकून छत्रीखाली पणती ठेवली, शेजारी विडा. वारा नव्हता तरी काडी दोनदा विझली. तिसरी तिनं ओंजळीत धरली. वात पेटली, आणि उजेडाच्या पलीकडं तिला मांडी दिसली.

ओल्या धोतरातली. तिच्यावर दोन हात ठेवलेले. बोटांत अंगठ्या, आणि बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. त्याच्या वर झालरीची सावली होती. अंबिकेनं मान वर केली नाही.

"भय्यासाहेब," ती जमिनीकडं बघत म्हणाली, "तुमची छत्री झाली. दिवा लावलाय, विडा ठेवलाय. माझ्या हातून होईल तेवढं केलं. पोरीला मोकळं करा. लहान आहे हो ती."

मग विड्याची लवंग काढून ठेवल्याचा बारीक आवाज आला.

ऐकलं! अंबिकेच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे भरून आले, आणि त्या भरात ती उठली, पदर सावरला, वडीलधाऱ्यांपुढं वाकावं तशी वाकली आणि म्हणाली,

"येते हं मी."

तोंडून गेल्यावर तिला कळलं. तिनं ओठांवर हात दाबला.

झालरीच्या आतून, अगदी मायेनं, उत्तर आलं.

"या."

७

त्या संध्याकाळी जयूची बोटं कोरडी होती. ती पोटभर जेवली, अभ्यासावरून आईशी भांडली आणि दिव्याचं नावही काढलं नाही. दारामागची फरशी खडखडीत. अंबिकेनं चार दिवस वाट पाहिली, मग जयूला टांग्यात घालून टॉवरच्या पुढं, पार नानाखेड्याच्या वाटेला लागेपर्यंत नेऊन आणली. पोर शेंगा खात बडबडत होती. अंबिकेनं देवापुढं साखर ठेवली. घाटावर काय बोलून बसलो, ते तिनं अक्कांनाही सांगितलं नाही.

नोव्हेंबर संपता संपता सामान बांधलं. भोपाळची गाडी दुपारी पावणेदोनची. फलाटावर लख्ख ऊन पडलेलं. शरच्चंद्रानं ट्रंका चढवल्या, अक्कांना उचलून खिडकीपाशी बसवलं, जयूला वर घेतलं.

"चल ग, शिट्टी होईल."

अंबिकेनं गाव सोडणाऱ्या त्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. तिच्या घशात गार काही भरलं. क्षिप्रेची चव तिला ओळखू आली. तिनं ओठ मिटून धरले, गिळलं, पुन्हा भरलं. पाय खाली घेतला, तसा घसा मोकळा झाला.

जयू दारात उभी होती. तिच्या परकरावर टांग्यातल्या पाण्याचा डाग अजून पुसट दिसत होता. अंबिकेनं तो पाहिला आणि चेहरा हसरा केला.

"तुम्ही व्हा पुढं," ती नवऱ्याला म्हणाली. "घरमालकिणीकडं देव्हाऱ्यातला टाक राहिलाय. घर लावून घ्या. जयू, अक्कांना त्रास देऊ नकोस."

"आत्ता आठवतंय होय तुला? अग, गाडी सुटतेय!"

"उद्याच्या गाडीनं... मी येते."

खिडकीतल्या अक्कांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण त्या सुनेच्या तोंडाकडं बघत नव्हत्याच. त्या तिच्या पायांकडं बघत होत्या. पाहता पाहता त्यांनी जयूला दारातून आत ओढलं आणि तिचं तोंड आपल्या पदरात दाबून धरलं.

गाडी हलली. "आई, लवकर ये हं!" एवढं पदराआडून ऐकू आलं.

फलाट रिकामा झाला. टॉवरचे दोन टोले पडले. अंबिकेला वाटलं, इतक्या उन्हात डोक्याला गारवा कसा? आजूबाजूला हमालांच्या सावल्या पडलेल्या, खांबांच्या, एका कुत्र्याची. तिनं खाली पाहिलं. तिची सावली कुठं दिसेना. तिच्याभोवती मोठी गोल सावली होती, आठ कोनांची, आणि तिच्या कडेला आठ गोंडे हलत होते.

तिचे दोन्ही हात मोकळे होते.

ती स्टेशनाबाहेर पडली आणि घाटाच्या रस्त्याला लागली. दिव्याची वेळ व्हायची होती अजून. पण विडा जेवणावर लागतो.